एक पाय चारचा, एक पाय सहाचा

कुंदा,

रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका जमल्या होत्या. तुझ्यासाठी सगळ्या उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि मग कुणीतरी बोललं की कुंदाताईंनी आपलं अपंगत्व हसतमुखानं सोसलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सतरंजीकडे बघत राहिले. तू तिथं असतीस तर म्हणाली असतीस, "हसतमुखानं कधी सोसलं व मी? काहून खोटं बोलून राहिल्या ह्या?"

खरंच, तू चिडायचीस. पायावर चिडायचीस, जिन्यांवर चिडायचीस, बसच्या उंच पायरीवर चिडायचीस. आणि चपलांवर तर सगळ्यात जास्त. तुझा राग मला माहीत होता, म्हणून मला तू माहीत होतीस. त्या बायकांना तू फक्त सणासुदीला, नीट साडी नेसून, आधीच खुर्चीवर बसलेली दिसलीस.

आपली ओळख दुधाच्या बूथवर झाली. मी माझ्या मोठ्याला रागावत होते, पैसे कुठं पाडलेस म्हणून. मागून आवाज आला, "वर्धेकडच्या का?" मी वळून म्हटलं, "नाही, मिरजेची." तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "जाऊ द्या, चालते." आपल्या गल्लीत मराठी घरं दोनच, तुझं तळमजल्यावरचं सरकारी क्वार्टर आणि समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारे आम्ही. माझे हे एअरफोर्सच्या स्टेशनवर, तुझे भास्करराव एक्साइजमध्ये. दोघंही सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. मधला सगळा दिवस आपला होता. तुझ्या वऱ्हाडी बोलण्याला मी हसायचे, माझ्या "काय बाई"ला तू हसायचीस, आणि आपल्या पोरांना दोघींचंही कळायचं पण उत्तरं हिंदीतच यायची.

तुझ्या पायाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. चालताना तू डावीकडे झुकायचीस, एवढंच दिसायचं. एकदा तुझ्या पायरीवर चपला वाळत घातलेल्या होत्या, पावसात भिजलेल्या. डाव्या चपलेच्या पुढच्या बाजूला चिंध्या कोंबलेल्या होत्या आणि मागं इलॅस्टिकचा पट्टा शिवलेला होता. मी बघतेय हे तू पाहिलंस. मला वाटलं, आता ही बोलायची बंद होणार. तर तू पाटावर बसलीस, साडी जरा वर घेतलीस आणि दोन्ही पाय माझ्यापुढं ठेवलेस. "हा सहा नंबरचा. हा चारचा. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून हा डावा वाढलाच नाई. दुकानदार म्हणते, जोडी घ्या. मी कोन्ती जोडी घेऊ?" लग्नाआधी तुझे वडील दोन जोड घ्यायचे. लग्नानंतर कोण घेणार? तू सहाची जोडी घ्यायचीस आणि डाव्या पायाला चिंध्या. थंडीत मोजे घातले की त्या चिंध्या सरकायच्या, फोड यायचे. त्या फोडांवर तू तूप लावायचीस, आणि भास्कररावांनी विचारलं तर सांगायचीस, स्वयंपाकातलं उरलेलं तूप आहे, हाताला लावून राहिली.

नागपूरचं तू नंतर सांगितलंस. सासरी पाहुणे यायचे असले की सासूबाई आधीच येऊन म्हणायच्या, "सूनबाई, बैठकीत जाऊन बस." म्हणजे ते आले की तू बसलेली दिसावीस. ते उठून गेले तरी तू उठायचं नाही, फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत. "एकदा," तू म्हणालीस, "पाहुणे जेवायलेच थांबले. मी दुपारपासून बसलेली. मले बाथरूमले जायचं होतं, सुमन." एवढंच म्हणालीस आणि मटार सोलायला लागलीस.

म्हणून तुला चंडीगढ आवडलं. मला कधी कळलं नाही आधी, की ह्या गावात काय आवडण्यासारखं आहे. सरळ रस्ते, सगळे सारखे चौक, आणि त्यात ते अतिरेक्यांचे दिवस. बसमधून उतरवून झडती, पेपरात रोज मेलेल्यांची संख्या, अंधार पडायच्या आत सगळे घरात. माझी आई प्रत्येक पत्रात लिहायची, बदली मागा, बदली मागा. पण तुला इथं फूटपाथ मिळाला. सपाट, झाडांच्या सावलीचा. तुला इथं कुणी ओळखत नव्हतं, आणि तुझ्या चालण्याकडे बघणारा माणूस दोन पावलं पुढं जाऊन विसरायचा. तू चालायचीस. चिंध्यांवर, फोडांवर, पण भाजीबाजारापर्यंत चालायचीस.

मग तो सेल लागला.

बावीस सेक्टरला मी लोकर आणायला गेले होते. एका दुकानावर कापडी फलक बघितला, की दुकान बंद करायचं आहे, सगळा माल मिळेल त्या भावात. आत बूट-चपला. मी घरी येऊन तुला सांगितलं. खरं तर सहज सांगितलं. तू म्हणालीस, "माझ्या काय कामाचं?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करराव गेल्याबरोबर दारात उभी, शाल घेऊन, "चल."

ते दुकान तुला शेवटपर्यंत आठवत होतं, तू किती जणींना सांगितलंस. दुकान कसलं, नुसता रिकामा गाळा. कपाटं नाहीत, आरसा नाही. जमिनीवर चादरी अंथरलेल्या आणि त्यांवर बुटांचा ढीग. मालक पन्नाशीचा, अंगात हातानं विणलेला स्वेटर, आवाज बसलेला. सीमेकडच्या एका लहान गावातलं त्याचं दुकान, ते सोडून तो ट्रकमध्ये माल घालून आला होता. ट्रकमध्ये खोकी फुटली आणि सगळे जोड एकमेकांत मिसळले. त्यामुळे गिऱ्हाइकांनीच शोधायचं. बायका चादरीवर बसून ढीग उपसत होत्या. कुणाला एक सँडल सापडायची, ती हात वर करून ओरडायची, "इसका दूसरा किसके पास है?" आणि दुसऱ्या टोकाकडून आवाज यायचा, "इधर है जी, इधर!" मग हशा. कित्येक महिन्यांत मी बाजारात इतक्या बायका हसताना ऐकल्या नव्हत्या.

तू दारातच थांबलीस. चप्पल काढून आत जायचं होतं आणि चिंध्या दिसल्या असत्या. मी म्हटलं, जाऊ या का परत? तू शाल कंबरेला खोचलीस. चपला काढल्यास, डावी उजवीच्या खाली लपवलीस, आणि आत जाऊन ढिगापाशी बसलीस.

किती वेळ शोधलंस तू! मला माझ्या धाकट्याचे शाळेचे बूट मिळाले, ह्यांना चपला मिळाल्या, तरी तू शोधतच होतीस. मग तुला तो तपकिरी बूट सापडला. चामड्याचा, नाडीचा, डाव्या पायाचा, चार नंबर. तू तो पायात घातलास. चिंध्यांशिवाय. तुझा तो लहानसा पाय त्यात असा बसला, की तू बराच वेळ नुसती बघत राहिलीस. मग त्याच घाटाचा सहा नंबर शोधायला लागलीस. तो सापडला, पण पूर्ण जोडी, नाड्या एकमेकींना बांधलेली. तू गाठ सोडायला घेतलीस तसा मालक तिकडून म्हणाला, "बहनजी, जोड़ी मत तोड़ो. पहले ही इतने टूटे पड़े हैं."

"भाईसाब, मुझे एक चार का चाहिए, एक छह का."

"ऐसे कैसे? फिर बाक़ी दो का मैं क्या करूँगा?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. मी तुझा हात धरला. मला वाटलं, तू आता उठशील आणि बाहेर जाशील आणि मग आठ दिवस माझ्याशी बोलणार नाहीस. तू उठलीस खरी. पण उभी राहून तू साडी वर घेतलीस, घोट्याच्या वर, त्या सगळ्या बायकांसमोर, आणि म्हणालीस, "देखो. ये मेरा चार है, ये मेरा छह है. मैं जोड़ी में पैदा नहीं हुई."

मालक उठून आला, तुझ्यासमोर चादरीवर बसला, चष्मा नीट केला. मग त्यानंच ती गाठ सोडली. उजवा बूट तुझ्या पायात घातला, दोन्हीच्या नाड्या बांधल्या आणि म्हणाला, "चल के दिखाओ, बेटा." बहनजीची बेटा झालीस. तू भिंतीपासून दारापर्यंत चाललीस, आणि परत. झोक होताच, तो जाणार नव्हता. पण पाय घसरत नव्हता. तू टाच टेकवत होतीस. मी तुला टाच टेकवताना पहिल्यांदा बघितलं.

पैसे देताना तू विचारलंस, ते गाव का सोडलं. तुला कुणालाही काहीही विचारायची सवय. तो म्हणाला, "बड़े भाई साहब दुकान पर बैठे थे जी. मैं रोटी खाने घर गया था." आणि मग, "सामने वाले सरदारजी ने ट्रक भरवाया. मुझसे ज़्यादा वो रो रहे थे." आता कर्नालला मेहुण्याकडे जाणार, माल संपला की. बुटांचा धंदा परत नाही करणार म्हणाला.

बाहेर आलो तर तू मान खाली घालून चालत होतीस. मला वाटलं त्याच्या भावाचा विचार करते आहेस. चौकात आल्यावर म्हणालीस, "सुमन, ते जे दोन उरले ना, एक चारचा, एक सहाचा. कोणीतरी बाई दिवसभर त्याचा जोड शोधत बसंन." आणि हसायला लागलीस, आणि हसता हसता तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रिक्षा करू म्हटलं तर ऐकेनास. पुढच्या चौकापर्यंत चालू, मग त्याच्या पुढच्या. आपण घरी पोहोचलो तेव्हा पोरं शाळेतून येऊन दारात बसली होती.

मोच्याकडून तू डाव्या बुटाला जाड तळ लावून घेतलास. दोन सलवार-कमीज शिवून घेतलेस, कारण साडीवर ते बूट दिसायचे विचित्र. "शाळेच्या पोरीवानी दिसून राहिली ना मी?" असं विचारत गल्लीत आलीस. आणि मग थांबलीच नाहीस. लेकीला, पल्लवीला, शाळेत सोडायला चालत, आणायला चालत. आणि एक दिवस येऊन सांगितलंस की पलीकडच्या सेक्टरमधल्या प्राथमिक शाळेत तुला गणित शिकवायला घेतलंय. बी.ए. होऊन तू इतकी वर्षं घरात होतीस. भास्करराव म्हणाले, जमेल का. तू म्हणालीस, "चालून तर पाहते."

मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. पण त्या हिवाळ्यात मी घाबरून घरात बसले नाही, ते तुझ्यामुळे. तू दार वाजवायचीस आणि मला यावं लागायचं. मी चार पावलं पुढं जायचे आणि थांबायचे, आणि तू ओरडायचीस, "थांबू नको व! मी येऊन राहिली ना!"

फेब्रुवारीत भास्कररावांच्या बदलीची ऑर्डर आली. नागपूर. त्यांनीच मागितली होती, वर्षभरापूर्वी. सगळी गल्ली म्हणाली, सुटलात. मीही म्हटलं. आणि तू माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणालीस, "मी नाई जात."

ते भांडण अजून माझ्या कानात आहे. मी म्हटलं, "वेडी आहेस का? इथं माणसं मरतायत रोज."

"तिकडे काय मी जगून राहिली होती?"

"पल्लवीचा तरी विचार कर."

"तिचाच करून राहिली. तिनं तिच्या आईले चालताना पाहावं. खुर्चीवर बसवून ठेवलेली नाई."

"अगं, सासूबाईंना सांग ना स्पष्ट. भांड त्यांच्याशी. माझ्याशी भांडतेस तशी."

तू चहाचा कप खाली ठेवलास. "तुले सोपं आहे, सुमन," म्हणालीस. "तुले कोणी बस म्हटलं तर तू उठून जाऊ शकते." आणि उठून गेलीस. चहा तसाच राहिला.

भास्कररावांनी तुझं ऐकलं. ऑफिसात विनंती केली, एक वर्ष थांबवा. ती मान्यही झाली. थोड्या दिवसांनी तू तुमच्याकडच्या कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा घेऊन माझ्याकडे आलीस, नेहमीसारखी. पण जाताना म्हणालीस, "आपलं ते बोलणं संपलं नाई हं. मले अजून सांगायचं आहे. सुट्टी लागली की निवांत बोलू." मीही म्हटलं, मलाही सांगायचं आहे. मला सांगायचं होतं की तू नागपूरला गेलीस तर मी इथं काय करू हा विचार मी रोज करते, आणि तरीही तू जा म्हणते. तुला काय सांगायचं होतं, कुंदा?

मार्चमध्ये काटेसावरी फुलल्या होत्या. त्या दिवशी तू शाळेतून आलीस ती पोट धरूनच. ओवा खाल्लास, हिंग लावलास. भास्करराव सकाळीच डेराबस्सीला गेले होते, कारखान्यांच्या तपासणीला. संध्याकाळी बाजारात कुठंतरी गोळीबार झाला आणि जीप फिरायला लागली, लाउडस्पीकरवर, कर्फ्यू. ते तिकडेच अडकले. दारजींकडे फोन होता, म्हणून त्यांचा निरोप तरी आला. दारजी, आपल्या गल्लीच्या टोकाचे म्हातारे सरदारजी, जे पल्लवीला रोज गूळ द्यायचे. माझे हेही स्टेशनवरच अडकले होते.

सकाळी मी आले तर तुला ताप होता आणि पोट हात लावू देत नव्हतीस. दारजींनी अँब्युलन्सला फोन केला. पाठवतो म्हणाले. आम्ही वाट बघितली. पुन्हा फोन केला, पुन्हा पाठवतो म्हणाले. तुझे ओठ पांढरे पडत चालले होते. दारजींनी आपली जुनी फियाट काढली. "चलो बेटा, जो होगा देखा जायेगा." पल्लवीला त्यांच्या सूनबाईकडे ठेवलं. तुला उचलायला गेलो तर तू बूट मागितलेस. मी म्हटलं, "आता कशाला?" तर रागावलीस. मी घातले. नाड्या बांधल्या.

बाहेर ऊन काय सुंदर पडलं होतं. एवढा रुंद रस्ता, एक माणूस नाही, एक सायकल नाही. खाली सावरीची लाल फुलं पडलेली, त्यावरून गाडी गेल्याचा आवाजसुद्धा येत होता. पहिल्या नाक्यावर जवानांनी आत वाकून बघितलं आणि सोडलं. दुसऱ्या नाक्यावर पगडी बघून दारजींना खाली उतरवलं. म्हातारा माणूस, पांढरी दाढी, हात वर करून उभा केला. पगडी चाचपली. डिकी उघडली, सीटखालचं सगळं बाहेर काढलं. मी ओरडले, बाई मरतेय आत. तो जवान पोरसवदा होता. तो म्हणाला, साहेब आल्याशिवाय सोडता येत नाही. साहेब कुठं? येतील. दारजी हात जोडून सांगत होते, "पुत्तर, मुझे यहीं बिठा लो, गाड़ी जाने दो." पण गाडी चालवणार कोण? मला येत नव्हती.

तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "सुमन, त्याले म्हण, गाडी नाई सोडत तर राहू दे. मी चालून येते."

साहेब आले. त्यांनी बघितल्याबरोबर सोडलं, पुढं जीपही दिली. पण दुपार उलटून गेली होती. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय, विष पोटभर पसरलंय. सकाळी आणलं असतं तर. ते सगळे असंच म्हणतात का मला माहीत नाही. ऑपरेशन झालं. भास्कररावांनी तिकडून पायी निघायचा प्रयत्न केला, हायवेवरून पोलिसांनी परत पाठवलं. ते आले तेव्हा कर्फ्यूला दोन तासांची ढील मिळाली होती. तू त्यांना ओळखलंस. पल्लवीचा गणिताचा पेपर आहे, तिला पाढे विचारा, म्हणालीस. त्यानंतर तू शुद्धीवर आली नाहीस.

तुझं सामान माझ्या हातात देताना नर्स म्हणाली, "देखिये, किसी और का जूता बदल गया है, जोड़ी नहीं है ये." मी म्हटलं, आहे. ती मला समजावत राहिली, नंबर दाखवत राहिली. मी पिशवी घेऊन निघून आले.

सासूबाई नागपूरहून आल्या. मी ठरवलं होतं की त्यांच्याशी बोलायचं नाही. पण त्या तुझ्या पलंगावर बसून राहायच्या, जेवायच्या नाहीत, आणि म्हातारी बाई रडते तेव्हा तिच्यावर किती रागावणार? तुझे कपडे त्यांनी वाटून टाकले. बूट झाडूवालीला दिले. दुसऱ्या दिवशी तिनं परत आणून पायरीवर ठेवले. "माताजी, ये तो किसी को नहीं आयेंगे." आणि खरंच, कुणाला येणार?

दारजी आता बाहेर बसत नाहीत. मी एकदा गेले होते. ते म्हणाले, "बेटा, मेरी जगह कोई और चला रहा होता, तो निकल जाते तुम लोग." मी नाही नाही म्हटलं. पण ते खरं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, आणि त्यात त्यांचा काय दोष हे कुणालाच माहीत नाही. आता आम्ही एकमेकांना नमस्कारसुद्धा लांबूनच करतो.

मी दिवसभर कुणाशी बोलत नाही, कुंदा. पोरं आल्यावर विचारते, जेवलात का, ती म्हणतात, हाँ मम्मी. संपलं. ह्यांनी बदलीचा अर्ज भरलाय. मी नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मिरजेला गेले काय आणि इथं राहिले काय. तुझ्याशी भांडण पुरं करायला मला कुठं जाता येणार आहे?

काल तुझी माणसं गेली. भास्कररावांनी थांबवलेली बदली पुन्हा मागून घेतली. रेल्वे स्टेशनवर वाळूच्या पोत्यांमागं जवान उभे होते. सामान दोनदा उघडून बघितलं. सासूबाई आत बसल्या, भास्करराव पलीकडच्या खिडकीतून रुळांकडे बघत होते. पल्लवी ह्या बाजूच्या खिडकीत. तिची वेणी मी घातली होती सकाळी, तुझ्यासारखी घट्ट जमली नाही.

ती म्हणाली, "मौसी, नागपुर में भी कर्फ़्यू लगता है?"

मी म्हटलं, "नाही गं बाळा. तिकडे नाही लागत."

तिनं जरा विचार केला. "वहाँ से अस्पताल जा सकते हैं? दिन में भी?"

"हो. केव्हाही."

"तो मम्मी को पहले क्यों नहीं ले गये?"

भास्कररावांनी ऐकलं. त्यांची पाठ हलली, पण ते वळले नाहीत. गाडीनं शिट्टी दिली. पोर माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत, खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून.

"हात आत घे," मी म्हटलं. "गाडी सुटतेय."